चार दिवसांत घरपोच

बाइंडरच्या बायकोचं स्वरयंत्र काढून टाकलं त्याला तेवीस दिवस झाले होते. या तेवीस दिवसांत त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सगळ्यात मोठा आवाज होता तो पाटीवर पेन्सिल घासल्याचा.

बायको आधी भारी बोलकी. गल्लीत तिला 'रेडिओ' म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. बाइंडर मुलखाचा अबोल. दिवसभर दुकानात फाटक्या पुस्तकांच्या पाठी शिवायच्या, पुठ्ठे कापायचे, खळ लावायची, आणि घरी येऊन जेवता जेवता तिचं ऐकायचं. मधेमधे "हूं" म्हटलं की त्याचा वाटा संपला. आता तो स्वतः बोलायचा प्रयत्न करायचा आणि दोन वाक्यांत त्याच्याजवळचं सामान संपून जायचं.

घरातलं पाटीवर भागत होतं. दूध संपलं, गोळी घेतली, दार लावा. पाटी उपयोगाची नव्हती ती फक्त अक्कापाशी.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा अक्कानेच हिला वाढवलं. वेण्या घातल्या, धपाटे घातले, शाळेत घातलं. आता अक्काची ऐंशी उलटली होती, दोन्ही डोळे गेले होते आणि ती दूरच्या गावी मुलाकडे असायची. रोज दुपारी चारला सून तिला फोन लावून द्यायची. गेली कित्येक वर्षं हा नेम चुकला नव्हता. ऑपरेशननंतरही चुकला नाही. अक्कानेच त्यावर तोड काढली.

"छोटे, फोनवर नखाने वाजव. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. कळलं?"

टक्.

"जेवलीस?"

टक्.

"जावईबुवा त्रास देतात का गं?"

टक् टक्. मग जरा थांबून, टक्.

पलीकडे अक्का खो खो हसायची आणि हसता हसता तिला धाप लागायची. पण बोलण्याच्या ओघात ती विसरायची. "मग आज काय शिजवलंस?" असं विचारून बसायची, आणि इकडून काहीच वाजत नाही म्हटल्यावर तिच्या लक्षात यायचं. मग दोघी बहिणी नुसत्याच फोन कानाला लावून बसायच्या. असं दोन-तीनदा झाल्यावर बाइंडर म्हणाला, "तू लिही, मी अक्कांना वाचून दाखवतो."

तिने पाटी घेतली. लिहिलं, "रोजचं चालेल. पण एक गोष्ट मला माझ्या तोंडाने सांगायची आहे. मधे तुम्ही नको."

ती काय गोष्ट होती हे त्याने विचारलं नाही. बहिणीबहिणींचं काही जुनं असेल, असं त्याला वाटलं.

दवाखान्यातल्या थेरपीवाल्या बाईंनी एक यंत्र दाखवलं होतं. लहानशा विजेरीएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की थरथरतं, आणि आपण नुसते ओठ आणि जीभ हलवली की त्या थरथरीचे शब्द होतात. हिचा गळा ऑपरेशनमुळे सुजून कडक झाला होता, म्हणून बाईंनी यंत्राला एक बारीक नळी जोडली आणि नळीचं टोक तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ठेवलं. चार-पाच वेळा नुसतीच घरघर झाली. मग फ्रीजने तोंड उघडावं तशा सपाट आवाजात ती म्हणाली, "अहो."

बाइंडर खिडकीपाशी गेला आणि बाहेरच्या गाड्या बघत उभा राहिला.

पण दवाखान्यात ते एकच यंत्र होतं, सगळ्या पेशंटांना शिकवायला. बाईंनी एका दुकानाचा पत्ता दिला. बाइंडरने त्याच दिवशी तिथे नाव नोंदवलं. माल बाहेरून येतो, सहा आठवडे लागतील, म्हणाले.

"तोवर कुठे दुसरीकडे घेऊ नका," बाई म्हणाल्या. "घ्यायचंच झालं तर आधी मला विचारा."

सहा आठवडे. त्याच आठवड्यात अक्काच्या पायांवर सूज चढली. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. फोनवर अक्काच म्हणाली, "माझं काही खरं नाही छोटे. तुझा आवाज एकदा कानावर पडू दे. यंत्राचा का होईना." बायकोला उठून जाणं शक्य नव्हतं. आता रेडिएशन सुरू झालं होतं, आठवड्यातले पाच दिवस, आणि एकही दिवस चुकवायचा नाही असं बजावलेलं होतं.

आता बाइंडर ऑनलाइन खरेदीत नवखा होता असंही नाही. बाजारात मिळेनासं झालेलं बाइंडिंगचं कापड तो गेली तीन वर्षं तिकडूनच मागवायचा. एकदा तागाच्या दोऱ्याचं एक रीळ मागवलं तर दोन आली. त्याने कळवलं, तर विकणाऱ्याने उलट लिहिलं, "चूक आमची, रीळ तुमचं." जुन्या कटिंग मशीनचं पातं त्याला असंच कुठल्याशा माणसाकडून मिळालं होतं, तेलात भिजवलेल्या कागदात गुंडाळून, बोट कापू नये म्हणून धारेवर पुठ्ठा बांधून. तो पुठ्ठा बघूनच बाइंडरने ओळखलं होतं की माणूस कामाचा आहे. तेव्हापासून तो म्हणायचा, "जग काही लबाड नाही. आपण नीट वाचून घ्यावं."

त्याने नीट वाचलं. दुकानात पुस्तकं दाबाखाली ठेवून फोनवर शोधत बसला आणि तसंच यंत्र त्याला सापडलं. चकचकीत फोटो, पाच तारे, खाली शेकडो लोकांचे अभिप्राय. 'माझे वडील पुन्हा बोलू लागले.' 'आईचा आवाज परत मिळाला.' आणि वर ठळक अक्षरांत, 'चार दिवसांत घरपोच.' ते शेवटचे शब्द वाचल्यावर त्याने बाकीचं पुन्हा वाचलं नाही. पैसे भरले. दोन दोन यंत्रं काय करायची, म्हणून पत्ता दिलेल्या दुकानाला फोन करून तिथलं नाव काढून टाकलं. थेरपीवाल्या बाईंना विचारलं नाही. त्या नको म्हणतील याची त्याला भीती होती.

घरी येऊन बायकोला म्हणाला, "शुक्रवारी तू अक्कांशी बोलशील."

तिने पाटी बाजूला ठेवली. त्याचा हात धरला आणि दाबला.

शुक्रवार गेला. पुढचाही गेला. पार्सल बाराव्या दिवशी दुकानावर आलं. कुरियरवाली सही घेऊन गेली तशी त्याने दाभणाने चिकटपट्टी फाडली. आत गुलाबी रंगाची, पेन्सिलीएवढी एक वस्तू होती. डबीवर एका हसऱ्या बाईचा चेहरा छापला होता, त्याच्यावर आवाजाच्या यंत्राचं स्टिकर तिरपं चिकटवलेलं. स्टिकर नखाने उचललं तर खाली लिहिलं होतं ते सुरकुत्या घालवण्याबद्दल. गालावरून फिरवायचं थरथरतं खेळणं होतं ते.

तरीही त्याने ते सुरू केलं. दुकानाचं दार लोटून घेतलं, आरशासमोर उभं राहून ते स्वतःच्या गळ्याला टेकवलं, श्वास धरला आणि ओठ हलवले. "अक्का," असं म्हणायचा प्रयत्न केला. माशी गुणगुणावी तेवढाही आवाज उमटला नाही. जागा बदलून बदलून त्याने पुष्कळ वेळ ओठ हलवले. मग ते डबीत घातलं आणि डबी सुताच्या कपाटात, कापडाच्या तुकड्यांखाली ठेवली.

घरी गेल्यावर बायकोने भुवया उंचावून विचारलं.

"रस्त्यात आहे," तो म्हणाला. "कुठेतरी अडकलंय. येईल."

इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग तक्रार सुरू झाली. पलीकडून लिहून यायचं, 'आपल्या भावना आम्ही समजतो.' पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, म्हणाले. दाभणाने चिकटपट्टी फाडणारा माणूस व्हिडिओ कुठून काढणार? मग डबीचे फोटो मागितले, ते पाठवले. 'आपली विनंती प्रक्रियेत आहे.' रोज सकाळी दुकान उघडलं की तो आधी ते बघायचा. विनंती प्रक्रियेत असायची. एकदा चिडून त्याने लिहिलं, 'माणसाचा आवाज आहे हा, खेळणं नाही.' अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, 'आपल्या भावना आम्ही समजतो.' तीन आठवड्यांनी एके सकाळी ते पानच उघडेना. तारे, अभिप्राय, परत मिळालेले आवाज, सगळं साफ.

घरी तो म्हणत राहिला, "रस्त्यात आहे." दुपारी चारला फोन वाजायचा. अक्काची वाक्यं आता आखूड झाली होती. "आलं का गं यंत्र?"

टक् टक्.

"येईल. जावईबुवा आणतील."

बाइंडर घरी असला तर तेव्हा उठून पाणी प्यायला जायचा.

पान नाहीसं झालं त्याच दिवशी त्याने लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, आईला सांगितलंत?"

"नाही."

"थेरपीवाल्या बाईंना?"

"नाही."

"मग मला तरी कशाला सांगता?" ती म्हणाली, आणि लगेच, "थांबा. मी बघते."

तिने दवाखान्यात फोन केला, बोलणी खाल्ली आणि वडिलांपर्यंत पोचू दिली नाहीत. पत्त्यावरच्या दुकानात पुन्हा नाव घातलं, ते आता यादीच्या शेपटाला गेलं. आणि ज्यांच्या घरात असं ऑपरेशन झालंय अशा लोकांचा एक गट तिला इंटरनेटवर सापडला, तिथे तिने चार ओळी लिहिल्या. पाचव्या दिवशी तिने वडिलांना एक जाहिरात पाठवली. तिच्यात तारे नव्हते आणि फोटोही धड नव्हता.

'आवाजाचं यंत्र द्यायचं आहे. सहा वर्षं वापरलेलं. बाजूला चरा आहे, पडलं होतं. बटण जरा जोरात दाबावं लागतं. तोंडात धरायची नळी आहे, उकळून ठेवली आहे. आधी फोन करा, कोणाला हवंय ते कळल्याशिवाय देणार नाही.'

दुधाने तोंड पोळलेलं असल्यामुळे बाइंडरने तीन दिवस फोन केला नाही. केला तेव्हा उद्धटपणे केला.

"यंत्र चालतं हे कशावरून?"

पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "व्हिडिओ लावा, दाखवते."

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. मागे पुस्तकांची मांडणी होती. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं आणि ओठ हलवले. फ्रीजच्या आवाजात शब्द आले, "नमस्कार. ऐकू येतंय का?" आणि तेवढं बोलून त्यांनी यंत्र पटकन खाली ठेवलं.

"आमच्या ह्यांचं आहे," त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. "गणिताचे मास्तर होते. ऑपरेशननंतर चार वर्षं याच्यावर शिकवलं. पोरं त्यांना रोबोट मास्तर म्हणायची. त्यांनाही आवडायचं ते. पाढे म्हणायला हा आवाज फार चांगला, म्हणायचे, चूक झाली तर लगेच कळते." मग त्यांनी यंत्र पदराने पुसलं. "गंमत अशी आहे की कोणीही लावलं तरी आवाज तोच येतो. आत्ता मी बोलले तर हेच बोलल्यासारखं झालं. मला आठ दिवस द्या. मग पाठवते."

बाइंडरला आठ दिवस म्हणजे पुन्हा तीच थाप वाटली. पण बाईंनी आगाऊ काही मागितलं नव्हतं. तो "बरं" म्हणाला. त्यांच्यासमोर अक्काचं नाव काढलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवलं असतं, हे त्याला पुढे कळलं.

मधेच थेरपीवाल्या बाईंनी पत्ता दिलेल्या दुकानातून फोन आला. हिशेबनीस बोलत होता. "तुमचं नाव जुन्या यादीत होतं ना, म्हणून सांगतो. माल मागेच येऊन गेला, लवकर आला यंदा. तुम्ही नाव काढलंत म्हणून दुसऱ्यांना दिला. आता पुढची खेप."

"कधी आला होता?"

त्याने तारीख सांगितली. तिला तीन आठवडे होऊन गेले होते. बाइंडरने फोन ठेवला आणि हातातल्या पुस्तकाला खळ लावली, पण उलट्या बाजूने.

त्यानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी, चार वाजले तरी फोन आला नाही. साडेचारला भाच्याचा आला. तो बाइंडरने घेतला. "मावशीला सांभाळून सांगा," भाचा म्हणाला. "दुपारी झोपली ती उठलीच नाही."

बाइंडर बायकोसमोर जाऊन उभा राहिला. ती खुर्चीत बसली होती, बोट फोनवर ठेवायच्या तयारीत उचललेलं. त्याला काहीच बोलावं लागलं नाही. तिने तोंड उघडलं. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसता वारा आला, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा. रडण्याला आवाज नसतो तेव्हा ते किती भयंकर दिसतं, हे त्याने त्या दिवशी पाहिलं.

भाच्याने म्हटलं, "यायची धडपड करू नका, उपचार चुकवू नका." ती गेली नाही. शुक्रवारी तिचं रेडिएशन होतं, तिथे जाऊन ती टेबलावर निजली.

बाइंडर म्हणाला, "यंत्रवाल्या त्या बाईंना नको म्हणून कळवतो."

तिने पाटी ओढली. "येऊ दे."

मास्तरीणबाईंचं पार्सल सोमवारी आलं. या वेळी घरच्या पत्त्यावर. आत यंत्र जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात होतं, नळी वेगळ्या डबीत, बॅटऱ्यांचे दोन जोड, आणि वहीच्या चार पानांवर सूचना. 'घाई करू नका. आधी आकडे म्हणा. शब्द संपला की बटण सोडा, नाहीतर वाक्याला शेपूट येतं. बाजारात लोक वळून बघतात. त्यांना बघू द्या.' चरा सांगितला होता तिथेच होता.

बायकोने नळी तोंडात धरली. एक, दोन, तीन असं सातपर्यंत म्हणाली. मग त्याच्याकडे वळली.

"मला माहीत होतं."

"काय?"

"ती डबी. कपाटातली. तुम्ही अंघोळीला गेला होता, मी किल्ली घेऊन दुकानात गेले होते. कापडाचा तुकडा हवा होता. उशीला."

बाइंडर खाली बसला. "कधी?"

"महिना झाला."

"मग बोलली का नाहीस?" हे तोंडातून गेलं आणि त्याला आपलीच लाज वाटली.

ती बटण दाबायची, सोडायची. प्रत्येक शब्द एकाच सुरात येत होता. त्यात राग होता की नाही हे आवाजावरून कळत नव्हतं, चेहऱ्याकडेच बघावं लागत होतं.

"पाटीवर भांडता येत नाही. लिहून होईपर्यंत राग निवतो. आणि वाटलं, हा माणूस इतकं खोटं बोलतोय म्हणजे काहीतरी खटपट करतोय. आणेल. वाटलं, अक्काला वेळ आहे."

त्याने साडीचा तुकडा उचलून त्याची घडी घातली.

"मी लेकीला लिहू शकले असते. थेरपीवाल्या बाईंना लिहू शकले असते. मीही वाट बघत बसले." तिने नळी काढून पुसली, पुन्हा ठेवली. "तुम्हाला माफ करायचं की नाही, मला अजून कळत नाही. कळलं की सांगेन. आता सांगता येतं."

पुढे ती मास्तरीणबाईंशी फोनवर बोलू लागली. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. पहिल्यांदा बोलली तेव्हा पलीकडून पुष्कळ वेळ काही ऐकूच आलं नाही. मग बाई म्हणाल्या, "बोला हो, थांबू नका. नुसते पाढे म्हटलेत तरी चालेल." अक्काचं कळल्यावर त्या रडल्या. "एका शब्दाने सांगायचं होतंत भाऊ," त्या बाइंडरला म्हणाल्या. "मी आठ दिवस ते उशाशी घेऊन बसले होते." त्याने त्यांना दोष दिला नाही. पहिली चूक कोणाची होती ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

रेडिएशन संपल्यावर दोघं अक्काच्या गावी गेले. पाच तासांचा बसचा प्रवास. बसमध्ये तिने कंडक्टरकडे दोन तिकिटं मागितली तशी पुढच्या चार रांगा मागे वळल्या. तिने बघू दिलं.

भाच्याने अक्काची खोली तशीच ठेवली होती. पलंग, उशाला फोन, धरून चालायला भिंतीला बांधलेली दोरी. बायको पलंगावर बसली आणि तिने पिशवीतून यंत्र काढलं. बाइंडरने तिच्याकडे पाहिलं, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

स्वयंपाकघरातून भाच्याची बायको चहा घेऊन आली. आतली घरघर ऐकून थबकली. "मावशी कोणाशी बोलतायत?"

"बोलू दे," बाइंडर म्हणाला.

शब्द कळत नव्हते. दाराला कान लावला असता तर कदाचित कळले असते. तो चार पावलं लांब सरकून पायरीवर बसला आणि चहा पीत राहिला. घरघर चालू व्हायची, थांबायची, पुन्हा चालू व्हायची. एकदा बराच वेळ थांबली, समोरून काही उत्तर येतंय असं समजून थांबावं तशी. चहा संपला. कप निवून गेला.

अर्ध्या-पाऊण तासाने दार उघडलं. तिचे डोळे कोरडे होते. बॅटरी काढून तिने दुसरी घातली, यंत्र साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवता ठेवता पुन्हा बाहेर काढलं.

"साडेपाचची गाडी आहे ना?" ती म्हणाली. "पिशवी तुम्ही घ्या. माझा हात दुखतोय."

त्याने पिशवी घेतली.